ऑनलाइन खजिनाशोध आणि भूगोलाचे अध्यापन

(केंद्रातील शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



चौथीच्या वर्गात जाऊन एखाद्या मुलास 'उत्तर दिशा दाखव' असे सांगावे आणि तो काय करतो ते पाहावे. दहापैकी चार-पाच मुले तरी हात उंच करून छताकडे बोट दाखवितात. यात मुलांचा दोष नाही. नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, गुरुजी छडीने त्याच्या वरच्या काठास स्पर्श करून 'ही उत्तर' असे सांगतात, आणि मूल ते प्रामाणिकपणे ग्रहण करते. मुलाच्या दृष्टीने उत्तर ही भिंतीवरची गोष्ट होऊन बसते. शाळेमागच्या टेकडीशी, गावाच्या ओढ्याशी अथवा सकाळी उजव्या गालावर पडणाऱ्या उन्हाशी तिचा काही संबंध उरत नाही. पुढे हेच मूल नद्यांची नावे, जिल्ह्यांची नावे, शिखरांच्या उंच्या तोंडपाठ म्हणून दाखविते व उत्तीर्ण होते. परंतु नकाशा वाचता येणे ही जी भूगोलाची अक्षरओळख, ती त्याची झालेलीच नसते.

ही उणीव भरून काढण्यास ऑनलाइन खजिनाशोध हे एक साधन होऊ शकते, असा अलीकडे अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. साधन म्हटले म्हणजे त्याचा गुण जसा पाहावयाचा तसा दोषही पाहावयाचा. तेव्हा प्रथम हा खेळ आला कोठून ते थोडक्यात पाहू.

खुणांवरून वस्तू शोधण्याचा खेळ आपल्याकडील मुलांना नवा नाही. चिठ्ठी सापडली की तीत पुढच्या चिठ्ठीचा ठिकाणा, हा प्रकार गॅदरिंगच्या दिवशी पुष्कळ शाळांतून होतो. इंग्लंडातील डार्टमूर नावाच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर नावाच्या दुर्गम डबक्यापाशी एक बाटली ठेवली. जो तेथवर पोचेल त्याने तीत आपले नावपत्र टाकावे, अशी योजना होती. त्यातून तेथे पत्रपेट्या शोधण्याचा छंद वाढीस लागला. पुढे २ मे २००० रोजी अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या स्थाननिश्चितीच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली. त्यापूर्वी सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरांपर्यंत फरक पडत असे, तो एका रात्रीत पुष्कळच कमी झाला. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात काही वस्तू भरलेली एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. लोक ते आकडे घेऊन निघाले आणि त्यांना बादली सापडली. आज जगभर खेळला जाणारा 'जिओकॅशिंग' हा खेळ तो हाच. शाळेच्या अंगाने पाहावयाचे तर १९९५ साली सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात बर्नी डॉज व टॉम मार्च यांनी 'वेबक्वेस्ट' नावाची पाठपद्धती मांडली. तीत माहिती हुडकून काढणे हे साध्य नसून हुडकलेल्या माहितीचे मुलाने काही करून दाखवावे, यावर भर होता. हा भेद आपण मनात धरून ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता साहित्य. २००५ साली 'गुगल अर्थ' आले आणि उपग्रहातून दिसणारी पृथ्वी घरबसल्या पाहता येऊ लागली. २००९ साली आपल्या अंतराळ संशोधन संस्थेने 'भुवन' हे संकेतस्थळ सुरू केले. शिक्षकाच्या खिशातील साध्या मोबाइलवर ही दोन्ही पाहता येतात. त्यांत अंतर मोजण्याची पट्टी आहे आणि बोट ठेवावे त्या जागेचे अक्षांश-रेखांशही मिळतात. एके काळी जो नकाशा पाहण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज करावा लागे, त्याहून अधिक तपशील आज शाळेच्या ओट्यावर बसून पाहता येतो. साहित्याची वाण आता तितकी राहिली नाही. वाण आहे ती चांगल्या प्रश्नांची.

खजिनाशोधाचे सर्व बळ त्याच्या खुणेत असते. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?' ही खूण नव्हे. मूल मोबाइलपुढे तोंड नेऊन हाच प्रश्न विचारते, आतून एक आवाज 'कळसूबाई' असे उत्तर देतो, आणि नकाशाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तेथे भूगोल शिकला असेल तर तो मोबाइल! नकाशाकडे पाहिल्यावाचून जिचे उत्तर मिळत नाही, ती खरी खूण. उदाहरणार्थ, असे विचारावे: 'दक्षिणेकडे वाहणारी एक नदी एका गावापाशी कोयत्यासारखी वळते. या वळणामुळे तेथे तिला निराळे नाव मिळाले आहे. गाव शोधा.' मुले भीमेचा काठ धरून खाली खाली सरकू लागतात. हे वळण की ते, यावर वाद होतो. अखेर पंढरपूर सापडते, आणि जिचे नाव आजीच्या तोंडून शंभर वेळा ऐकले ती चंद्रभागा म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची भीमाच, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचणे आणि आकाशातून ती कोर पाहणे यांत फार अंतर आहे.

दुसरी खूण पाहा. 'एका नदीच्या उगमापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरांच्याही आत आहे. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे चौदाशे किलोमीटर चालते आणि पूर्वेच्या समुद्राला मिळते. ती कोठे उगम पावते? आणि ती अशी का वागते?' पहिल्या भागाचे उत्तर महाबळेश्वर. पट्टी लावली की अंतर मुलांना मोजता येते. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र कोठे लिहिलेले सापडत नाही. ते सह्याद्रीच्या उतारात दडलेले असते. नकाशा तिरपा करून पाहिला की कोकणाकडचा तुटलेला कडा आणि देशाकडचा मंद उतार मुलांच्या ध्यानात येतो. याच नदीवर आणखी खाली कऱ्हाड येथे कोयना व कृष्णा जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात आणि एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. त्यावरही उत्तम खूण होते, आणि तिची एक हकीकत पुढे येणार आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे तर खजिनाशोधासाठीच घडविल्यासारखे ठिकाण आहे. चोहीकडे शेतांचे चौकोन आणि मध्येच सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ अचूक वर्तुळ. माणसाने खणले म्हणावे तर एवढे मोठे कसे, निसर्गाने केले म्हणावे तर इतके वाटोळे कसे, असा प्रश्न मुलेच उपस्थित करतात. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर आहे, त्यातील पाणी खारे व क्षारयुक्त आहे, जून २०२० मध्ये ते काही दिवस गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही माहिती शिक्षकाने प्रश्न उमटल्यानंतरच द्यावी. आधी दिली तर ती नुसती माहिती राहते.

उपग्रहाचे चित्र आजचे असते, असाही एक समज आहे. तो शिक्षकाने आपण होऊन मोडावा. चित्र काही महिन्यांचे, कधी काही वर्षांचे जुने असते. नवे बांधलेले सभागृह त्यात दिसत नाही आणि पडलेला वड अजून उभा दिसतो. ही अडचण नव्हे, हाच पाठ आहे. संगणकावरील 'गुगल अर्थ'मध्ये निरनिराळ्या वर्षांची चित्रे पाहण्याची सोय आहे. तीत उजनीचा जलाशय एकदा भरलेला व एकदा आटलेला दाखवावा. पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. 'धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावाचे देऊळ शोधा. ते कोणत्या वर्षीच्या चित्रात दिसते?' या एका खुणेतून धरण, विस्थापन व दुष्काळ हे तिन्ही विषय चौथी-पाचवीच्या मुलांपुढे येतात. त्यावर काय बोलावयाचे ते शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहून ठरवावे. धरणग्रस्तांच्या वसाहतीतील शाळेत हा प्रश्न जपून विचारावा लागतो.

खुणा कोणत्या इयत्तेस कशा द्याव्यात याविषयी थोडे. तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार निघत आली आहेत, ती गोष्ट सोयीची आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना अक्षांश-रेखांशांचे आकडे देऊ नयेत. त्यांना आकार, दिशा, शेजार आणि रंग यांच्या खुणा द्याव्यात. अक्षवृत्ते व रेखावृत्ते वरच्या प्राथमिक इयत्तांत येतात, तेव्हा आकड्यांचा खेळ सुरू करावा. त्या वेळी एक गोष्ट फळ्यावर अवश्य मांडावी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. आणि दशांश अपूर्णांकात लिहिलेल्या अंशाच्या चौथ्या स्थळावरचा एक आकडा बदलला तर जागा सुमारे ११ मीटरांनी सरकते. दशांश चिन्हापुढची स्थळे कशासाठी शिकावयाची, असे विचारणाऱ्या मुलास याहून चांगले उत्तर गणिताच्या तासाला मिळत नाही. रेखांशांची गंमत दोन शाळांनी मिळून करावी. मुंबई सुमारे ७३ रेखांशावर व गडचिरोली सुमारे ८० रेखांशावर आहे. दर अंशास ४ मिनिटे या हिशेबाने दोन्हीकडच्या सूर्यास सुमारे २८ मिनिटांचा फरक पडतो. दोन शाळांनी ठरवून एकाच क्षणी मैदानातील काठीची सावली मोजावी आणि मोबाइलवरून एकमेकांस कळवावी. परदेशांतील शाळा 'मिस्टरी स्काइप' नावाचा खेळ खेळत असत. त्यात समोरचा वर्ग कोणत्या गावाचा हे केवळ 'होय' व 'नाही' एवढ्या उत्तरांवरून ओळखावयाचे असे. स्काइप ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. परंतु खेळाला कोणतीही चित्रसंभाषणाची सोय चालते. 'तुमच्याकडे भात पिकतो का? तुमच्या नदीचे पाणी पूर्वेस जाते का?' असे प्रश्न मुलांना सुचू लागले म्हणजे समजावे की नकाशा त्यांच्या डोक्यात उतरत आहे.

आता त्या हकीकतीकडे वळू. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील, जिच्या ओढ्याचे पाणी मांजरेस मिळते अशा एका गावची ही दोनशिक्षकी शाळा. तेथील बाईंनी चौथीच्या वर्गासाठी सात खुणांचा खजिनाशोध तयार केला. पहिला प्रयोग फसला, आणि तो कसा फसला हे सांगणे यशाच्या वर्णनाहून अधिक उपयोगी आहे. मोबाइल एकच. तो वर्गातील हुशार मुलाच्या हाती गेला. बाकीची तेवीस मुले त्याच्या पाठीकडे पाहत उभी राहिली. अकरा मिनिटांत सातही उत्तरे आली, खजिना म्हणून ठेवलेला गूळ-शेंगदाण्यांचा डबा उघडला गेला, सर्वांनी खाऊ खाल्ला आणि एका मुलाखेरीज कोणीही काहीही शिकले नाही. त्या मुलाला तर ते आधीच येत होते.

दुसऱ्या वेळी बाईंनी मांडणी पालटली. मोबाइल टेबलावर उभा करून ठेवला आणि त्याला हात लावण्याचा अधिकार केवळ त्या खुणेचे 'चालक' असलेल्या मुलास दिला. चालकाने स्वतःचे डोके चालवावयाचे नाही. गट सांगेल तिकडेच नकाशा सरकवावयाचा. गटाने मात्र 'इकडे', 'तिकडे', 'वर', 'खाली' हे शब्द वापरावयाचे नाहीत. 'पूर्वेस सरकव', 'नदीच्या उजव्या काठाने दक्षिणेस चल', असेच सांगावयाचे. दर खुणेस चालक बदलावयाचा. शिवाय महाराष्ट्राचा कागदी नकाशा जमिनीवर पसरून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे केलेली. पडद्यावर जे सापडेल ते त्या नकाशावर खडा ठेवून दाखवावयाचे. एवढ्या फरकाने अकरा मिनिटांचा खेळ दोन तासांचा झाला, आणि छताकडे जाणारे बोट शाळेमागच्या टेकडीकडे जाऊ लागले.

या वर्गात एक मुलगी पाडव्याच्या सुमारास परत आलेली होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. शाळेकडून हंगामी वसतिगृहाची सोय होती, पण धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरच्यांनी तिला बरोबर नेले होते. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत पटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा. वाचन मागे पडलेले. प्रगतिपत्रकात परिसर अभ्यासापुढे 'मदतीची गरज' असा शेरा. ती सर्वांत मागे बसे. दोन नद्या समोरासमोर भेटतात ती जागा शोधण्याची खूण निघाली, चालकाने कृष्णेच्या काठाने नकाशा सरकवीत आणला आणि संगमावर थांबविला. तेव्हा मागून आवाज आला, "बाई, ह्या पुलावरनं आमची गाडी गेली व्हती."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला पुढे बोलावून विचारले, "कोणत्या बाजूने आली होती गं गाडी?" तिने पडद्यावर क्षणभर पाहिले आणि बोट ठेवले. पुढे तिने जे सांगितले ते सर्व बाईंनी फळ्यावर लिहून घेतले. इंदापूर-अकलूजवरून गाडी गेली. वाटेत एक मोठे धरणाचे पाणी दिसले. एका घाटात गाडी बंद पडली. म्हसवडला पहाटे चहा झाला. कारखान्याचे धुराडे लांबून दिसू लागले तेव्हा मुकादम म्हणाला, आता आलेच. ज्या रानात टोळीच्या कोप्या होत्या ते रानही तिने शोधले. संगमापासून थोडे दूर, कालव्याच्या कडेला. उपग्रहाच्या चित्रात तेथे केवळ उसाचा हिरवा पट्टा होता. कोप्या दिसत नव्हत्या, कारण चित्र हंगामाबाहेरचे होते. ते कारणही तिनेच सांगितले.

बाईंनी पट्टी लावली. गावापासून कऱ्हाडपर्यंत सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून अधिक, दिशा नैर्ऋत्य. मग त्यांनी वर्गास एक प्रश्न विचारला, आणि तो त्या दिवशीच्या सातही खुणांहून चांगला होता. 'आपल्या ओढ्याचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते. हिच्या कोपीजवळचे पाणी कृष्णेला जाते. म्हणजे गाडी वाटेत कोठेतरी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेली. ती जागा कोणती?' जलविभाजक हा शब्द फळ्यावर त्यानंतर आला. मुलांनी ती जागा आपल्याच डोंगराच्या माथ्यावर शोधून काढली. गावापासून फार दूर नाही. जी मुलगी वर्षातून दोनदा दोन महानद्यांच्या मधली रेषा ओलांडते, तिच्या प्रगतिपत्रकावर परिसर अभ्यासात मदतीची गरज असा शेरा असावा, हे बाईंना फार लागले. त्यांनी शेरा बदलला की नाही ते येथे गौण आहे. पुढच्या खजिनाशोधाचा मार्ग मात्र त्यांनी त्या मुलीच्या फळ्यावर लिहिलेल्या वाटेवरूनच आखला.

व्यवहाराच्या काही गोष्टी आता सांगितल्या पाहिजेत. खुणा साखळीने देण्यासाठी 'गुगल फॉर्म' हे फुकट व सोपे साधन आहे. प्रत्येक खूण निराळ्या विभागात घालावी आणि योग्य उत्तर आल्याखेरीज पुढचा विभाग उघडू नये, अशी अट त्यात बसविता येते. परंतु नावांच्या लेखनात घोटाळा होतो. एक मूल 'कराड' लिहिते, दुसरे 'कऱ्हाड'. दोघेही बरोबर असून यंत्र एकास नापास करते. म्हणून उत्तर शक्यतो आकड्यात येईल अशी खूण करावी. त्यातही सावधगिरी हवी. शिक्षकाने उत्तर इंग्रजी अंकांत बसविलेले असेल आणि मुलाने देवनागरी ४ टंकित केला, तर यंत्र त्यास चूक म्हणते, आणि मूल बिचारे आपलेच काही चुकले असे समजून नकाशा पुन्हा शोधू लागते. ही ताकीद प्रारंभीच द्यावी.

जेथे रेंज येत नाही तेथे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक परिषदेत निघतो. रेंज जेथे येते तेथे, घरी अथवा तालुक्याच्या गावी, शिक्षकाने नकाशाची चित्रे आधीच मोबाइलमध्ये टिपून ठेवावीत. एका जागेची तीन-चार चित्रे, दुरून व जवळून, घेतली की शाळेत नेटवाचून काम भागते. छापून काढता आली तर अधिक चांगले. मोबाइलमधील होकायंत्र वापरताना पाकीट व लोहचुंबकाची झाकणी काढून ठेवावी, नाही तर उत्तर भलतीकडेच जाते. आणि हे होकायंत्र खरे की खोटे, हे मुलांनी सकाळच्या सूर्यावरून तपासावे.

पडद्यावरील शोध मैदानात उतरला नाही तर तो अर्धाच राहतो. मुलांनी पावलांनी अंतर मोजावे आणि पडद्यावरील पट्टीशी ताडून पाहावे. या संदर्भात एका शिक्षकाचे नाव आपल्या व्यवसायातील प्रत्येकास ठाऊक असावयास हवे. कुमाऊँमधील मिलम गावचे नैनसिंह रावत हे गावच्या शाळेत शिकवीत, म्हणून सर्वेक्षण खात्यात त्यांना 'पंडित' म्हणत. १८६५ साली ते तिबेटच्या वाटेस लागले. प्रत्येक पाऊल ठराविक लांबीचे पडावे असा त्यांनी सराव केला होता. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि शंभर पावलांस एक मणी सरे. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद असत. अशा रीतीने त्यांनी ल्हासाचे स्थान निश्चित केले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. शाळेपासून ओढ्यापर्यंत शंभर-शंभर पावलांस एक चिंचोका खिशात टाकीत जाणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगितली म्हणजे त्यांची चाल आपोआप सरळ होते.

मैदानातील शोधाचा मार्ग मात्र शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावा. कठडा नसलेली विहीर, शेततळे, विजेचा उघडा डबा, रहदारीचा रस्ता यांच्या आसपास खूण ठेवू नये. मूल खूण शोधत असता पायांखाली पाहत नाही. मुलांची छायाचित्रे व शाळेचे नेमके स्थान एकत्र करून कोठेही प्रसिद्ध करू नये. कौतुकाच्या भरात ही चूक सहज घडते. परदेशी संकेतस्थळांवरील नकाशांत देशाच्या सीमा कधी निराळ्या दाखविलेल्या असतात. सीमेचा प्रश्न असेल तेथे भारतीय सर्वेक्षण खात्याचा नकाशाच प्रमाण मानावा. गावांची व वाड्यांची नावे ऑनलाइन नकाशात पुष्कळदा चुकलेली अथवा मुळीच नसलेली आढळतात. आपल्या वाडीचे नाव नकाशात नाही हे पाहून मुले खट्टू होतात. ते नाव कसे सुचवावे हे वरच्या वर्गातील मुलांना शिक्षकाच्या देखरेखीखाली दाखविता येते.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या गावाच्या शिवारातील पाच खुणा आणावयाच्या आहेत. त्यांतील दोन तरी मुलांनी केलेल्या असाव्यात. शेजारच्या शाळेने त्या सोडवून पाहाव्यात आणि जी खूण नकाशा न पाहता सुटते ती बाजूला काढावी.

त्या बालाघाटच्या शाळेविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हाही मुलगी घरी राहिली नाही. धाकटा भाऊ अजून लहानच होता. बाईंनी तिच्याबरोबर एक वही दिली. प्रत्येक नदीच्या पुलावर पाणी कोणत्या बाजूस जाते ते पाहून लिहावयाचे, एवढेच काम. पाडव्यानंतर वही परत आली. तीत मोडक्या अक्षरांत सहा पुलांच्या नोंदी होत्या. चौथ्या पुलापुढे लिहिले होते, "रात्र होती. पाणी दिसलं नाही." वर्गाने ती नदी नकाशावर शोधली, ती माण निघाली. पाणी अंधारामुळे दिसले नाही की त्या दुष्काळी मुलखातील नदीत पाणी नव्हतेच, यावर मुलांत तासभर वाद चालला. अखेर ती म्हणाली की परतीच्या वेळी गाडी दिवसा त्या पुलावरून आली होती, पण तेव्हा ती झोपली होती. पुढच्या खेपेस जागी राहीन.